फिशआय लेन्स आणि लहान सेन्सर

कॅमेऱ्यासमोरचा अख्खा अर्धगोल, म्हणजे १८० अंशांचा दृश्यकोन, एकाच चित्रात बसवणारी लेन्स म्हणजे फिशआय. नेहमीची वाइड अँगल लेन्स सरळ रेषा सरळच ठेवते. त्यासाठी तिला एखादा बिंदू चित्राच्या मध्यापासून त्याच्या कोनाच्या टॅन्जंटच्या प्रमाणात दूर नेऊन ठेवावा लागतो. कोन ९० अंशांच्या जवळ जाऊ लागला की टॅन्जंट अमर्याद वाढतो, त्यामुळे १८० अंशांचे सरळ रेषांचे चित्र कोणत्याही फिल्मवर मावणे शक्य नसते. फिशआयमध्ये सरळ रेषांचा आग्रहच सोडून दिलेला असतो. काही फिशआय लेन्स बिंदूचे अंतर थेट कोनाच्या प्रमाणात ठेवतात, तर काहींमध्ये ते अर्ध्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते. दोन्ही पद्धतींत मध्यातून जाणाऱ्या रेषा सरळ राहतात, बाकीच्या कमानीसारख्या वाकतात आणि सगळे दृश्य एका वर्तुळात मावते.

हे प्रतिमावर्तुळ लेन्सच्या रचनेने ठरते. ज्या पृष्ठभागावर ते पडते तो मात्र बहुधा आयताकृती असतो आणि त्याचा आकार कॅमेरा ठरवतो. वर्तुळ चौकटीच्या आत मावले तर काळ्या पार्श्वभूमीवर गोल चित्र मिळते. वर्तुळाने चौकटीचे चारही कोपरे जेमतेम गाठले तर पूर्ण भरलेले चित्र मिळते आणि १८० अंश फक्त कर्णावर येतात. पहिल्या प्रकाराला वर्तुळाकार फिशआय आणि दुसऱ्याला कर्णी फिशआय म्हणता येईल. चौकट याहून लहान झाली, तर उरते ती थोडी वाकडी वाइड अँगल लेन्स. १९९९नंतर डिजिटल कॅमेऱ्यांत नेमके हेच घडले.

बादलीपासून निकॉनपर्यंत

पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग कसे दिसत असेल, हा प्रश्न अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे भौतिकीचे प्राध्यापक रॉबर्ट वुड यांनी प्रयोगाने सोडवला. हवेतून पाण्यात शिरणारा प्रकाश वळतो, त्यामुळे पाण्यावरचा संपूर्ण अर्धगोल पाण्याखाली सुमारे ९७ अंशांच्या शंकूत दाटीने बसतो. वुड यांनी पाण्याने भरलेल्या बादलीत तळाशी फोटोची प्लेट आणि तिच्या वर बारीक छिद्र अशी मांडणी करून छायाचित्रे घेतली. १९०६ साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली आणि फिशआय हे नाव तेव्हापासून रुळले.

बादली घेऊन हिंडणे सोयीचे नव्हते. १९२२ साली डब्ल्यू. एन. बाँड यांनी पाण्याच्या जागी काचेचा भरीव अर्धगोल वापरला आणि त्याच्या सपाट बाजूच्या मध्यावर बारीक छिद्र ठेवले. त्यांना ढगांची नोंद ठेवायची होती. १९२४ साली केंब्रिजचे जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबिन हिल यांनी संपूर्ण आकाशाचे छायाचित्र घेणाऱ्या लेन्सचे वर्णन प्रसिद्ध केले. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणातील ‘हिल अभिक्रिया’ ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे हिल. त्यांच्या लेन्समध्ये सर्वांत पुढे समोरून फुगीर व मागून खोलगट असे मोठे भिंग होते. ते तिरपे किरण आत वळवून मागच्या भिंगांकडे पाठवत असे. लंडनच्या बेक कंपनीने ही लेन्स तयार केली. पुढची जवळजवळ प्रत्येक फिशआय याच कल्पनेवर उभी आहे. ढगांसाठी केलेली ही लेन्स पुढे जंगलातही पोहोचली. १९५९ साली ब्रिटनमधील इव्हान्स आणि कूंब या वनस्पतिशास्त्रज्ञांनी झाडांच्या छताचे खालून फिशआय छायाचित्र घेऊन जमिनीपर्यंत किती प्रकाश पोहोचतो, याचा हिशेब मांडण्याची पद्धत दाखवली.

जपानच्या निप्पॉन कोगाकू कंपनीने, म्हणजे आजच्या निकॉनने, १९३८ साली १६.३ मिमी फोकल लेंग्थची फिशआय लेन्स तयार केली. १९५७ साली ती रोल फिल्मच्या एका खास कॅमेऱ्यावर बसवून विकायला आली. तिचे वर्तुळ ५० मिमी व्यासाचे होते. १९६२ साली याच कंपनीने ३५ मिमी फिल्मच्या निकॉन एफ कॅमेऱ्यासाठी ८ मिमी एफ/८ फिशआय आणली. तिचा मागचा भाग कॅमेऱ्यात इतका खोल जात असे, की आतला आरसा वर उचलून अडकवून ठेवावा लागे. मग मुख्य व्ह्यूफाइंडरमधून काहीच दिसत नसे आणि नेम धरायला वेगळा व्ह्यूफाइंडर लावावा लागे. साधारण त्याच काळात पेंटॅक्सची १८ मिमी एफ/११ ही छोटी चपटी लेन्स आली आणि ३६ × २४ मिमीची पूर्ण चौकट भरणारी कर्णी फिशआय सामान्य छायाचित्रकाराच्या हाती पडली. पुढे लेन्समध्ये मागे आरशाला पुरेशी जागा सोडणारी रचना वापरली जाऊ लागली. तिची किंमत वजनात मोजावी लागली. निकॉनची १९७२ची ६ मिमी एफ/२.८ लेन्स २२० अंश पाहू शकत असे, म्हणजे स्वतःच्या मागचेही थोडे टिपत असे, पण तिचे वजन ५.२ किलो होते.

१९८०पर्यंत ३५ मिमी फिल्मचा हिशेब पक्का झाला होता. वर्तुळाकार चित्रासाठी साधारण ८ मिमी आणि पूर्ण चौकटीसाठी १५ किंवा १६ मिमी लागे. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या यादीत निदान दुसऱ्या प्रकारची एक लेन्स असेच.

चौकट लहान झाली

सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीवर छापले जातात. सेन्सर मोठा असला की एका चकतीतून कमी नग निघतात. शिवाय चकतीवरचा एखादा दोष वाट्याला येण्याची शक्यता मोठ्या सेन्सरला जास्त असते, त्यामुळे वाया जाणारे नगही वाढतात. ३६ × २४ मिमीचा सेन्सर छपाई यंत्राला एका दमात छापताही येत नसे, तो तुकड्यांनी छापून जोडावा लागे. म्हणून कॅमेऱ्याची बॉडी आणि लेन्सचा माउंट ३५ मिमीचाच ठेवून आत लहान सेन्सर बसवण्याचा मार्ग कंपन्यांनी धरला. कोडॅकच्या १९९१च्या पहिल्या डीसीएस कॅमेऱ्यात निकॉन एफ३च्या बॉडीत २०.५ × १६.४ मिमीचा सेन्सर होता. १९९९च्या निकॉन डी१मध्ये २३.७ × १५.६ मिमीचा सेन्सर आला. २०००च्या कॅनन डी३०चा सेन्सर त्याहून किंचित लहान होता. या आकाराला पुढे एपीएस-सी म्हणू लागले. ऑलिंपसच्या २००३च्या ई-१पासून सुरू झालेल्या फोर थर्ड्स पद्धतीत सेन्सर १७.३ × १३ मिमीचा होता.

टेलिफोटो वापरणाऱ्यांना याचा फायदाच झाला, कारण ३०० मिमीची लेन्स ४५० मिमीसारखी वागू लागली. फिशआयच्या बाबतीत मात्र लहान चौकट हे थेट नुकसान होते. १६ मिमीची कर्णी फिशआय एपीएस-सी सेन्सरवर लावली, की वर्तुळाचा बाहेरचा भाग सेन्सरच्या पलीकडे पडतो आणि कर्णावरचा कोन १८० अंशांवरून १०५ अंशांच्या आसपास येतो. तेवढेच दृश्य ११ मिमीची सरळ रेषांची लेन्सही दाखवते. कडेच्या रेषा मात्र वाकड्याच राहतात. म्हणजे फिशआयचा दोष शिल्लक आणि गुण गेला. वर्तुळाकार लेन्सची तऱ्हा वेगळी होती. ८ मिमीच्या फिशआयचे सुमारे २३ मिमीचे वर्तुळ एपीएस-सी सेन्सरच्या रुंदीत मावे, पण उंचीत मावत नसे. चित्र येई ते वर-खाली कापलेल्या चकतीसारखे. ना धड गोल, ना धड भरलेले.

पहिले उपाय

लेन्स तीच ठेवून प्रतिमाच लहान करायची, हा एक मार्ग होता. निकॉन आणि फुजी यांनी मिळून १९९५ साली काढलेल्या निकॉन ई२मध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आणखी भिंगे बसवून ३५ मिमीची पूर्ण प्रतिमा २/३ इंची सेन्सरवर आणली होती. दृश्यकोन त्यामुळे वाचला, पण कॅमेरा बोजड झाला आणि लेन्सचे मोठे छिद्र वापरण्याला मर्यादा आली. ही पद्धत टिकली नाही.

दुसरा मार्ग जोड-लेन्सचा. निकॉनच्या कूलपिक्स मालिकेतल्या ९५० या १९९९च्या मॉडेलचा सेन्सर अर्ध्या इंची वर्गातला होता. त्याच्या मूळ लेन्सवर एफसी-ई८ नावाचा फिशआय कन्व्हर्टर फिरवून बसवला, की १८३ अंशांचे पूर्ण गोल चित्र मिळे. जंगलातील प्रकाश मोजणाऱ्यांनी हा संच उचलून धरला. फिल्म धुण्याची आणि स्कॅन करण्याची कटकट संपली होती. चित्र थेट संगणकात जाई आणि त्यातले आकाशाचे व पानांचे पिक्सेल वेगळे मोजता येत. लहान सेन्सरची मर्यादा मात्र लगेच जाणवली. १६०० × १२०० पिक्सेलच्या चित्रात वर्तुळ जास्तीत जास्त १२०० पिक्सेल व्यासाचे, म्हणजे एकूण १९.२ लाख पिक्सेलपैकी सुमारे ११.३ लाखच कामाचे. शिवाय वर्तुळाच्या कडेला रंग फाकत, आणि बारीक फांद्या आकाशाच्या उजेडात विरून जंगल प्रत्यक्षाहून मोकळे दिसे. फिल्मशी केलेल्या तुलनांतून हे पुढे आल्यावर एक्स्पोजर कमी ठेवण्यासारखे नियम घालून घेण्यात आले आणि पद्धत वापरात राहिली.

व्हिडिओमध्येही जोड-लेन्सच कामाला आली. सोनीच्या १९९५च्या व्हीएक्स१००० कॅमकॉर्डरमध्ये १/३ इंची तीन सीसीडी होते. त्यावर सेंच्युरी ऑप्टिक्सची फिशआय लावून अमेरिकेतील स्केटबोर्डिंगचे चित्रीकरण होऊ लागले. चित्रीकरण करणारा स्वतः दुसऱ्या स्केटबोर्डवरून, जमिनीलगत कॅमेरा धरून, खेळाडूपासून हातभर अंतरावर राही. इतक्या जवळूनही खेळाडू, पायऱ्या आणि कठडा सगळे चौकटीत येई, आणि वाकलेल्या कडांमुळे उडीची उंची वाढल्यासारखी वाटे. खेळाच्या या प्रकारात ती शैलीच होऊन बसली.

लहान चौकटीसाठी नवी लेन्स

खरा उपाय म्हणजे लहान सेन्सरच्या मापाची फिशआय. गणित सोपे होते. चौकटीचा कर्ण जितक्या पटीने घटला, तितक्या पटीने फोकल लेंग्थ घटवायची. एपीएस-सीसाठी १६ मिमीच्या जागी साधारण १०.५ मिमी, फोर थर्ड्ससाठी ८ मिमी. रचना मात्र अवघड होती. आरसा अजून तिथेच होता, त्यामुळे लेन्सच्या मागच्या टोकापासून सेन्सरपर्यंत सोडायची जागा तशीच राहिली आणि फोकल लेंग्थ तेवढी कमी करायची होती. लहान पिक्सेलमुळे कडेचा फाकलेला रंगही फिल्मपेक्षा जास्त डोळ्यांत भरे.

निकॉनने २००३ साली एपीएस-सीसाठीच्या डीएक्स मालिकेत १०.५ मिमी एफ/२.८ फिशआय आणली. कर्णावर पूर्ण १८० अंश, वजन साधारण ३०० ग्रॅम, रंग फाकणे कमी करणारी ईडी काच आणि १४ सेंमीपासून फोकस. हे अंतर सेन्सरपासून मोजलेले असल्याने वस्तू पुढच्या काचेपासून अवघ्या काही सेंटिमीटरवर येऊ शके. ऑलिंपसने फोर थर्ड्ससाठी ८ मिमी एफ/३.५ काढली. पेंटॅक्स आणि टोकिना यांनी एकत्र तयार केलेली १०-१७ मिमीची फिशआय झूम २००६च्या सुमारास दोघांच्याही नावाने बाजारात आली. १० मिमीवर १८० अंश आणि १७ मिमीवर सुमारे १०० अंश असा तिचा पल्ला होता. ही झूम पाण्याखालील छायाचित्रकारांच्या विशेष पसंतीस उतरली. पाण्यात अंतर जितके जास्त तितका रंग आणि स्पष्टपणा कमी, म्हणून विषयाच्या अगदी जवळ जाऊन मोठे दृश्य घेणारी लेन्स तिथे लागते. त्यासाठी कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीला पुढे घुमटाकार काच हवी, कारण सपाट काचेमागून पाण्यात सुमारे ९७ अंशांपलीकडचे काही दिसत नाही.

वर्तुळाकार चित्राची उणीव सिग्माने भरून काढली. २००७ साली तिने एपीएस-सीसाठी १० मिमीची कर्णी आणि ४.५ मिमीची वर्तुळाकार अशा दोन फिशआय जाहीर केल्या. ४.५ मिमीचे वर्तुळ सुमारे १३ मिमी व्यासाचे आहे आणि ते सेन्सरच्या जेमतेम एक तृतीयांश भागावर पडते. उरलेले पिक्सेल काळेच राहतात. आकाशाची किंवा झाडांच्या छताची मोजणी करणाऱ्याला एका क्लिकमध्ये पूर्ण गोल हवा असतो, त्याला हा तोटा परवडतो.

किंमत खाली आली ती कोरियाच्या सॅमयांग कंपनीमुळे. २००९ साली आलेली तिची ८ मिमी एफ/३.५ लेन्स निरनिराळ्या देशांत रोकिनॉन, बॉवर अशा नावांनी विकली गेली. फोकस हाताने करावा लागे. फिशआयमध्ये जवळपासून दूरपर्यंतचा बराच भाग आपोआप स्पष्ट येत असल्याने त्याचा फारसा त्रास होत नसे. तिची प्रक्षेपणाची पद्धतही वेगळी होती. कडेच्या वस्तू नेहमीच्या फिशआयमध्ये चेपल्यासारख्या दिसतात, तशा तिच्यात दिसत नाहीत. त्यामुळे काठाला उभा असलेला माणूस वाकतो, पण बारीक होत नाही.

कॅननने एपीएस-सी आरशाच्या कॅमेऱ्यांसाठी वेगळी फिशआय काढलीच नाही. २०१० साली जाहीर झालेल्या ८-१५ मिमी झूमने तिने दोन्ही आकार एकाच लेन्समध्ये सांभाळले. पूर्ण ३५ मिमी सेन्सरवर ८ मिमीला गोल आणि १५ मिमीला भरलेली चौकट मिळते. एपीएस-सीवर साधारण १० मिमीला चौकट भरते. झूमची कडी त्याखाली घसरून कोपरे काळे पडू नयेत म्हणून लेन्सवर एक अटकावाचे बटण दिलेले आहे.

संगणकाची जोड

याच काळात फिशआयच्या चित्राचे पुढे काय करायचे, हेही बदलले. हेल्मुट डेर्श यांनी १९९८ साली लिहिलेल्या पॅनोरमा टूल्स या प्रणालीमुळे एका प्रक्षेपणातले चित्र दुसऱ्यात बदलणे आणि अनेक चित्रे सांधणे घरच्या संगणकावर शक्य झाले. निकॉनने १०.५ मिमी लेन्ससोबत आपल्या कॅप्चर प्रणालीत वाकड्या रेषा सरळ करण्याची सोय दिली. एपीएस-सीसाठी अतिरुंद लेन्सची निवड अजून थोडी होती, त्या काळात फिशआय घेऊन चित्र सरळ करणे हा अनेकांचा जवळचा रस्ता होता. त्याला मर्यादा होती. मध्यापासून ६० अंशांवरचा भाग सरळ करताना तो बाहेरच्या दिशेने साडेचार पटींहून जास्त ताणला जातो. सहा किंवा दहा मेगापिक्सेलच्या चित्राच्या कडा त्यामुळे स्पष्टच भुसभुशीत दिसत.

सर्व दिशांच्या ३६० अंश पॅनोरमासाठी मात्र लहान सेन्सरवरची फिशआय फार सोयीची ठरली. १०.५ मिमी लेन्स आणि उभा धरलेला एपीएस-सी कॅमेरा असला, की सभोवार सहा आणि वर-खाली एकेक चित्र पुरे. ८ मिमीची कापलेली चकतीही इथे कामाची झाली. कॅमेरा उभा धरला की चकतीची पूर्ण बाजू आकाशापासून पायापर्यंत पसरते, कापलेल्या बाजू डाव्या-उजव्या होतात आणि तीन-चार चित्रांत सगळी दिशा भरते. हे ध्यानात आल्यावर काहींनी उलटा प्रयोग केला. निकॉनच्या १०.५ मिमी लेन्सला पुढे पाकळ्यांसारखे आवरण आहे, ते पूर्ण ३५ मिमी सेन्सरवर चित्राच्या आड येते. पॅनोरमा करणाऱ्यांनी ते कापून-घासून काढून टाकले. मग सुमारे ३० मिमीचे वर्तुळ ३६ मिमीच्या लांब बाजूत मावू लागले आणि लहान सेन्सरची लेन्स मोठ्या सेन्सरवर तशीच कापलेली चकती देऊ लागली. सॅमयांगने आपल्या लेन्सच्या पुढच्या आवृत्तीत हे आवरण काढता-घालता येईल असेच केले.

आरसा गेल्यावर

२००८मध्ये मायक्रो फोर थर्ड्स पद्धत आली आणि आरसा गेला. माउंटपासून सेन्सरचे अंतर ३८.६७ मिमीवरून १९.२५ मिमीवर आले. सेन्सर तोच राहिला, त्यामुळे आरशाच्या जागेची किंमत नेमकी किती होती हे दोन लेन्स शेजारी ठेवून पाहता येते. ऑलिंपसची फोर थर्ड्सची ८ मिमी एफ/३.५ फिशआय ४८५ ग्रॅमची आहे, तर पॅनासॉनिकची २०१०ची मायक्रो फोर थर्ड्सची ८ मिमी एफ/३.५ फिशआय १६५ ग्रॅमची. फोकल लेंग्थ, छिद्र आणि दृश्यकोन तेच, वजन एक तृतीयांश. १९६२च्या लेन्सने आरसा वर अडकवून जे साधले होते, ते आता कॅमेऱ्याच्या रचनेतच आले होते. २०१४ साली ऑलिंपसने कॅमेऱ्याच्या झाकणाएवढी चपटी ९ मिमी एफ/८ फिशआयही काढली.

सेन्सर आणि लेन्स एकत्रच आखले, तर लहान चौकट ही अडचण उरत नाही. २००४ साली मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांच्या अडथळे पाहणाऱ्या कॅमेऱ्यांत १२.३ मिमी चौरस सेन्सर आणि ५.५८ मिमीची फिशआय होती. आडवा आणि उभा कोन प्रत्येकी १२४ अंश, कर्णावर १८०. गोप्रोसारख्या अॅक्शन कॅमेऱ्यांत सेन्सर नखाएवढा आणि लेन्स कायमची बसवलेली असते. २०१३च्या रिको थीटामध्ये पाठीला पाठ लावलेल्या दोन फिशआय आणि दोन छोटे सेन्सर होते. दोन्ही वर्तुळे सांधून संपूर्ण गोल चित्र कॅमेऱ्याला जोडलेल्या फोनवर पाहता येई. सेन्सर लहान म्हणून फोकल लेंग्थ लहान, आणि फोकल लेंग्थ लहान म्हणून लेन्स खिशात मावणारी, असा हिशेब इथे फायद्याचा ठरतो. गाड्यांचे मागचे कॅमेरे आणि छतावरचे पाळत कॅमेरेही याच तत्त्वावर चालतात.

दरम्यान ३६ × २४ मिमीचा सेन्सर आवाक्यात आला आणि जुन्या १५-१६ मिमी फिशआयना त्यांचा मूळ १८० अंशांचा कोन परत मिळाला. तरी लहान सेन्सरसाठी नवी रचना थांबलेली नाही. कॅननने २०२४ साली एपीएस-सी सेन्सरच्या ईओएस आर७साठी ३.९ मिमीची जोड-फिशआय आणली. तिच्यातल्या दोन लेन्स एकाच सेन्सरवर शेजारी-शेजारी दोन प्रतिमा पाडतात आणि त्यांतून १४४ अंशांचा त्रिमिती व्हिडिओ तयार होतो.